पहिल्यांदा बबल टी पिताना: काय मागवायचं, कसं प्यायचं, कुठे चुकतं

बबल टी म्हणजे तळाशी चावायचे काळे मोती घातलेला गोड चहा. पहिला बबल टी बहुतेकांचा फसतो आणि तो एकाच पद्धतीने फसतो. मॉलमध्ये फिरताना रंगीत कप दिसतो. मेनूवरचं सगळ्यात आकर्षक नाव निवडलं जातं. साखर किती, असं विचारल्यावर "नॉर्मल" असं उत्तर जातं, वर दोन-तीन टॉपिंग पडतात. मग पहिल्या घोटाला गोडाचा मारा, दुसऱ्या घोटाला घशाकडे सटकलेली गोळी आणि शेवटी चहा संपून तळाशी उरलेला काळा ढीग. "अडीचशे रुपये देऊन हे?" असं म्हणत माणूस बाहेर पडतो, तो परत न जाण्यासाठीच.

यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं. पहिल्या कपाकडून एकच काम करून घ्यायचं: चहा आणि काळे मोती, या दोन गोष्टींची नीट ओळख. चीज फोम, पुडिंग, जेली, आंबा, स्ट्रॉबेरी हे सगळं नंतर कधीही घेता येतं.

हे मोती, ज्यांना दुकानात पर्ल किंवा बोबा म्हणतात, टॅपिओकाचे असतात. टॅपिओका म्हणजे कसाव्याच्या कंदातला स्टार्च. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा, तमिळनाडूतल्या सेलम भागातून येणारा. म्हणजे पदार्थ परका नाही, आकार मोठा आणि चिवटपणा जास्त एवढंच. काळा रंग ब्राउन शुगरचा किंवा कॅरमेल रंगाचा असतो.

१. निघण्याआधी: वेळ, पोट आणि सवड

दुपारी चार ते सहा ही सगळ्यात चांगली वेळ. जेवण जिरलेलं असतं आणि रात्रीची झोप अजून लांब असते. नेहमीचा कप ४०० ते ५०० मिलिलिटरचा असतो, शिवाय त्यात शिजवलेला स्टार्च. थाळी जेवून वर हा कप घेतला, तर अर्ध्यातच नको होतो आणि दोष पेयावर येतो. अगदी उपाशीपोटीही नको. एवढं गोड रिकाम्या पोटी मळमळतं.

रात्री घेणार असाल तर लक्षात ठेवा, यात खराखुरा चहा आहे. जस्मिन ग्रीन टी नावाने हलका वाटतो, पण कॅफीन त्यातही असतं. ज्यांना संध्याकाळच्या चहाने झोप लागत नाही, त्यांना यानेही लागणार नाही.

तिसरी गोष्ट सवड. हातात अर्धा तास हवा आणि शक्यतो बसायला जागा. प्लॅटफॉर्मवर गाडी लागलेली असताना कप घेऊन धावायचं पेय हे नाही. लोकलच्या गर्दीत कप दोन्ही बाजूंनी दाबला गेला, की कपाच्या तोंडावर सील केलेली पातळ फिल्म फुटते आणि शेजारच्याचा शर्ट खराब होतो.

आधी हे तपासा: मधुमेह असेल तर "साखर शून्य" सांगून काम भागत नाही. पर्ल स्वतःच स्टार्चचे आणि शिजवल्यावर पाकात मुरवलेले असतात. पर्लशिवाय, साखरेशिवाय, साध्या चहाचा कप मिळतो. तो घ्या, किंवा आधी डॉक्टरांना विचारा. उपवासाला चालतं का, हाही प्रश्न नेहमी येतो. कसावा चालत असला तरी तयार पर्लमध्ये रंग आणि टिकवण्याची द्रव्यं असू शकतात, पावडरींमध्ये आणखी काहीबाही असतं. कडक उपवास असेल तर तो दिवस सोडा.

२. दुकान निवडणं

वांद्रे, अंधेरी, पवई, लोअर परळ, घाटकोपर, ठाणे, कुठेही गेलात तरी मॉलचं फूड कोर्ट किंवा कॉलेजजवळचं कॅफे असं काहीतरी सापडतंच. नावापेक्षा काउंटरच्या आत काय चाललंय ते बघा. रांगेत उभं असताना सगळं दिसतं.

पहिलं, पर्ल कशात ठेवलेत. चांगल्या ठिकाणी ते झाकणाच्या भांड्यात, पाकात, कोमट ठेवलेले असतात. काम करणारा मुलगा डाव बुडवतो तेव्हा ते चकचकीत, एकेक सुटे निघतात आणि डावावरून पाक संथ ओघळतो. गोळा एकत्र चिकटून आला, किंवा डबा फ्रिजमधून निघाला, तर पर्ल मागवू नका. शिजवलेला टॅपिओका गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि मोत्याचा गाभा खडूसारखा पिठूळ, टणक लागतो. शिजवलेले पर्ल साधारण चार तास चांगले राहतात, त्यानंतर उतरणीला लागतात. म्हणून सरळ विचारायचं, "दादा, पर्ल कधी केलेत?" यात संकोच करण्यासारखं काहीच नाही. "तासाभरापूर्वी" किंवा "आता नवीन लावलेत, दहा मिनिटं थांबा" हे उत्तम उत्तर. थांबा. ती दहा मिनिटं सार्थकी लागतात.

दुसरं, चहा कशातून येतो. टाकीतून किंवा जगमधून उकळलेला चहा ओतला जात असेल तर छान. डब्यातून फक्त पावडर आणि पाणी पडत असेल, तर तो मिल्कशेकच्या जवळचा प्रकार आहे. वाईट नसतो, पण चहाची चव शोधायला गेलात तर निराशा होईल.

तिसरं, परवाना. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक दुकानात दर्शनी भागात असायला हवा. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळीला मेनूवर कॅलरीही द्याव्या लागतात. त्या वाचा, कारण दोन कपांमधला फरक बघून निर्णय पटकन होतो.

इशारा: पहिला कप घरी मागवू नका. पावसात अंधेरीहून जोगेश्वरीला पोचेपर्यंत बर्फ वितळतो, चहा पाणचट होतो, पर्ल घट्ट होतात. तो कप पिऊन बबल टीबद्दल मत बनवणं योग्य नाही.

३. ऑर्डर: पाच निर्णय, याच क्रमाने

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण काउंटरवर प्रश्न भराभर येतात आणि मागे रांग असते. उत्तरं ठरवून जा.

*बेस.* पहिल्यांदा काळ्या चहाचा मिल्क टी घ्या. मेनूवर तो "क्लासिक", "आसाम" किंवा "ओरिजिनल" अशा नावाने असतो. दुधाच्या चहाची आपल्या जिभेला सवय असल्यामुळे यात बरं-वाईट लगेच कळतं. चहा फार तुरट आहे का, दूध पावडरचं आहे का, गोड किती, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. आलं-वेलची मात्र शोधू नका, इथे मसाला नसतो. दूध अजिबात नको असेल तर जस्मिन ग्रीन टी, फळाशिवाय.

जांभळ्या रंगाचा टॅरो बघून अनेकांचा हात तिकडे जातो. टॅरो म्हणजे अळूचा कंद, अळकुडीच्या कुळातला. दुकानांत तो बहुतेकदा गोड पावडरीच्या रूपात येतो आणि त्यात चहा असेलच असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या कपाला जरूर घ्या. पॅशन फ्रूट, लिंबू, हिरवं सफरचंद यांचा फ्रूट टी घेणार असाल तर त्यात दूध सांगू नका, आंबट रसाने ते फाटतं.

*साखर.* ० पासून १०० टक्क्यांपर्यंत पर्याय असतात, मध्ये २५ किंवा ३०, ५०, ७० किंवा ७५. यातले १०० म्हणजे त्या दुकानाची ठरलेली पूर्ण मात्रा, आणि ती भरपूर गोड असते. "नॉर्मल" म्हणालात की हीच मिळते. पहिल्यांदा ५० टक्के सांगा. घरी चहा फिका पिणाऱ्यांनी २५. पर्लचा पाक वेगळा गोड असतो, तो या आकड्यात धरलेला नसतो, त्यामुळे ५० सांगूनही कप गोडच लागतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरातली वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे साधारण सहा चमचे. पूर्ण गोड कप एकट्याने ती ओलांडू शकतो.

ब्राउन शुगर मिल्क हा प्रकार यात बसत नाही. कपाच्या आतल्या भिंतीवर दिसणारे तपकिरी ओघळ हेच त्याचं गोड, त्यामुळे साखर कमी करून मिळेलच असं नाही. काही ठिकाणी त्यात चहाही नसतो, नुसतं दूध. दिसायला सगळ्यात देखणा कप हाच असल्यामुळे नवखे लोक नेमका तोच उचलतात. माझा सल्ला ठाम आहे: पहिल्यांदा नको.

*बर्फ.* "कमी बर्फ" सांगा. मुंबईच्या उकाड्यात भरपूर बर्फाचा मोह होतो, पण तो पंधरा मिनिटांत वितळून चहा पातळ करतो, आणि त्याआधी पर्ल घट्ट करतो. बर्फ अजिबात नको म्हटलं तर काही दुकानं कप थोडा रिकामा ठेवतात, तेही विचारून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये गरम मिल्क टी मिळत असेल तर तो खरोखर छान लागतो. गरम चहात मोती शेवटपर्यंत मऊ राहतात. फक्त स्ट्रॉने गरम पेय ओढताना जीभ भाजते, तेव्हा पाच मिनिटं निवू द्या.

*टॉपिंग.* एकच, काळे टॅपिओका पर्ल. "पॉपिंग बोबा" ही निराळी वस्तू आहे. त्यात फळाचा रस पातळ आवरणात भरलेला असतो, दाताखाली तो फुटतो, चावायला काही उरत नाही. आवरण समुद्री शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटचं असतं. फ्रूट टीमध्ये मजा येते, मिल्क टीमध्ये आंबट रस दुधात फुटून चव बिघडते. हे दोन्ही बोबाच म्हटले जातात, म्हणून नुसतं "बोबा" न म्हणता "टॅपिओका पर्ल" म्हणा. नारळाची जेली, ग्रास जेली, कोरफड हे पुढच्या वेळी.

*साइझ.* लहान. मोठ्या कपात सहसा चहा वाढतो, मोती त्या प्रमाणात वाढत नाहीत. लहान किंवा मध्यम कप साधारण दीडशे ते तीनशे रुपयांत येतो, मॉलमध्ये वरच्या बाजूला.

सगळं मिळून काउंटरवर एवढंच बोलायचं: "एक क्लासिक मिल्क टी, लहान, साखर पन्नास, बर्फ कमी, टॅपिओका पर्ल." पैसे देण्याआधी बिल किंवा कपावरचं स्टिकर वाचा. पर्लचे पैसे वेगळे लागतात की कपात धरलेले आहेत, तेही तिथेच कळतं. कधी पर्ल वेगळे सांगावे लागतात, आणि लोक नुसता चहा घेऊन बाहेर येतात.

शाकाहारी असाल तर: काळे पर्ल स्टार्चचे. पुडिंग आणि काही जेलींमध्ये मात्र जिलेटिन असू शकतं, पुडिंगमध्ये अंडंही. कपावर हिरवा ठिपका नसतो, म्हणून मूळ पाकीट दाखवायला सांगा, त्यावर असतो. दुधाची ॲलर्जी असेल तर: "नॉन-डेअरी क्रीमर" या शब्दांवर विसंबू नका. अशा पावडरींमध्ये अनेकदा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधातलंच प्रथिन. पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नका.

४. कप हातात आल्यावर: हलवा, मग भोक पाडा

कप मिळाला की लगेच स्ट्रॉ खुपसायची घाई नको. आधी सील बघा. कडेने चहा पाझरत नाही ना? मग कप आडवा धरून सात-आठदा हलवा. पाक तळाशी बसलेला असतो. न हलवता प्यायलात तर सुरुवातीला फिका चहा आणि शेवटी नुसता पाक.

आता स्ट्रॉ. ती नेहमीच्या स्ट्रॉच्या जवळपास दुप्पट रुंद असते, कारण तिच्यातून मोती वर यायचा असतो. एक टोक तिरपं, टोकदार कापलेलं असतं, ते खाली. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिक स्ट्रॉवर बंदी आहे, म्हणून हातात बहुधा कागदी स्ट्रॉ येते. ती दोन-तीनदा हळूहळू दाबली तर टोक चुरगळतं आणि मग फिल्म काही फाटत नाही. क्रम असा:

कप टेबलावर ठेवा. एका हाताने वरच्या कडेला धरा, मधे दाबू नका, नाहीतर भोक पडताच चहा उसळतो. दुसऱ्या हाताने स्ट्रॉ सरळ उभी धरा आणि अंगठा तिच्या वरच्या तोंडावर ठेवा. अंगठ्याने हवा अडते, म्हणून चहा स्ट्रॉमधून फवाऱ्यासारखा वर येत नाही. मग एकाच झटक्यात खाली. भीत भीत केलं तर हमखास चुकतं.

कागदी स्ट्रॉ वीस-पंचवीस मिनिटांत मऊ पडते. काउंटरवरून आणखी एक मागून ठेवा.

५. पिणं आणि चावणं

पहिला घोट मोत्यांशिवाय. स्ट्रॉ चहाच्या मधोमध धरा आणि नुसता चहा घ्या. गोड बरोबर आहे का, चहा कळतोय का? फारच फिका असेल तर आत्ताच काउंटरवर सांगा, बहुतेक ठिकाणी थोडा पाक वाढवून देतात. अर्धा कप संपल्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही. फार गोड असेल तर आणखी हलवा आणि थोडा बर्फ वितळू द्या.

दुसऱ्या घोटाला स्ट्रॉ तळाला टेकवा आणि *हळू* ओढा. दोन-तीन मोती तोंडात येतील. जोरात ओढलं की मोती वेगाने थेट घशावर आदळतो. नवख्यांना लागणारा ठसका याचाच. मोती आले की ओढणं थांबवा, ते जिभेने दाढेकडे न्या आणि चावा.

एक मोती दाताने अर्धा कापून बघा, अगदी बोटावर काढून बघितलात तरी चालेल. बाहेरचा थर पारदर्शक, तपकिरी, पाकाने निसरडा. आतला भाग जास्त गडद, दाताला किंचित परत ढकलणारा. मधोमध पांढरा पिठूळ ठिपका दिसला तर तो कच्चा राहिलाय किंवा जुना आहे. सगळाच लगदा होत असेल तर जास्त शिजलाय. दोन्ही बाबतींत कप बदलून मागायला हरकत नाही.

फालुद्यातल्या शेवया आणि सब्जा आपण जसे थोडे खात, थोडे पीत संपवतो तसाच हा कप संपवायचा. मोती चावून होईपर्यंत पुढचा घोट घ्यायचा नाही. अख्खे गिळले तर चवही कळत नाही आणि पोटही जड होतं. चहा आणि मोती एकाच वेळी संपावेत म्हणून दर दोन घोटांमागे एकदा स्ट्रॉ तळाला न्या. तरी शेवटी काही उरतातच. तेव्हा कप तिरका करून ते एका कडेला गोळा करा, स्ट्रॉ तिथे टेकवा आणि उरलेल्या घोटाबरोबर उचला. चहा पूर्ण संपल्यावर नुसते मोती ओढू नका. हवेबरोबर ते जोरात येतात.

गंभीर इशारा: पाच वर्षांखालच्या मुलांना पर्लचा कप देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. त्यांच्या श्वासनलिकेसाठी हा आकार धोक्याचा आहे. त्याहून मोठ्या मुलांनाही बसवून, समोर राहून द्या. धावताना, हसताना, रिक्षाच्या धक्क्यात नको. आजी-आजोबांना कवळी असेल किंवा गिळायला त्रास होत असेल तर त्यांना मोत्यांशिवाय चहा द्या.

कुणाला ठसका लागला आणि तो माणूस खोकतोय, तर खोकू द्या, पाणी पाजू नका. बोलता-खोकता येत नसेल तर त्याला पुढे वाकवा आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठाम थपका द्या. अडकलेलं निघालं नाही तर मागून उभं राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाचदा आत आणि वर झटका द्या, आणि हे दोन्ही आळीपाळीने चालू ठेवा. गरोदर बाईला पोटावर नको, छातीच्या मधोमध द्यायचं. त्याच वेळी दुसऱ्या कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगा.

६. वेळ आणि पार्सल

अर्ध्या तासात कप संपवा. फ्रिजमध्ये ठेवून रात्री पिण्याचा विचार सोडा. दुसऱ्या दिवशी तर नाहीच: मोती टणक होतात आणि दूधही कितीतरी वेळ बाहेर राहिलेलं असतं. संपत नसेल तर चहा पिऊन टाका आणि मोती सोडून द्या.

पुढे कधी घरी न्यायचाच झाला, तर पर्ल आणि बर्फ वेगळ्या डब्यांत द्यायला सांगा आणि घरी कपात घाला. घट्ट झालेले पर्ल चमचाभर पाण्यासह वाटीत घेऊन मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद गरम केले तर बऱ्यापैकी परततात. सीलबंद कप तसाच मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नका. उरलेले मोती बेसिनमध्येही ओतू नका, नळीत चिकटून बसतात. ओल्या कचऱ्यात टाका आणि कप विसळून सुक्या कचऱ्यात.

७. दुसरा कप

पहिला आवडला नसेल तर नक्की काय आवडलं नाही ते वेगळं काढा, आणि पुढच्या वेळी तेवढंच बदला. गोड जास्त वाटलं तर साखर २५, बाकी सगळं तेच. चहाच लागला नाही तर दुकान बदला, जिथे चहा उकळलेला दिसतो तिथे जा. मोती कडक होते तर वेळ बदला: शनिवार-रविवारी संध्याकाळी खप जास्त असल्याने पर्ल सतत नवे लागतात, उलट कामाच्या दिवशी दुपारच्या शांत वेळी सकाळचेच मिळण्याची शक्यता जास्त. आणि चावणंच आवडलं नसेल, चहा मात्र आवडला असेल, तर पुढच्या वेळी पर्ल न घालता नारळाची जेली सांगा. ती मोत्यांसारखी चिकट नसते, दाताखाली चटकन तुटते.

आवडला असेल तर बेस बदलायची वेळ आली. ऊलाँग, म्हणजे काळ्या आणि हिरव्या चहाच्या मधला प्रकार, घ्या, साखर ३०, पर्ल तेच. भाजल्यासारखा वास आणि हलका तुरटपणा मोत्यांच्या गोडाशी फार सुरेख जमतो, आणि साखर आणखी कमी करावीशी वाटते.